मध्यवयातील स्थित्यंतर आणि जीवनदिशेचा शोध : बाबा आमटे यांच्या जीवनातील १९४२ ते १९५१ या कालखंडाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :

मध्यवयात माणूस आपल्या आतापर्यंतच्या आयुष्याचा हिशेब मांडतो व पुढील आयुष्याची दिशा ठरवू पाहतो, ही बाब मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासविषय म्हणून स्वीकारली. हा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य मध्यमवर्गीय पुरुषांच्या जीवनावर आधारलेला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात विदर्भातील एका ज्ञात जीवनाच्या आधारे या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. वरोरा येथे वकिली करणारे मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे १९५१ मध्ये आनंदवनात कसे पोहोचले, या स्थित्यंतरामागे कोणती सामाजिक व संस्थात्मक परिस्थिती होती आणि त्याचा भार कोणाकोणावर पडला, या प्रश्नांची येथे चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : मध्यवय, स्थित्यंतर, रचनात्मक कार्य, कुष्ठसेवा, विदर्भ, आनंदवन.

प्रस्तावना :

मराठीत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. जवळचे दिसेनासे झाले की माणसाला चाळिशी लागली असे आपण म्हणतो. या वयात दृष्टी बदलते, पूर्वी सहज वाचता येणारे अक्षर आता हात लांब करून पाहावे लागते, एवढा अनुभव भाषेने एका शब्दात साठवून ठेवला आहे. भारतीय परंपरेने आयुष्याचे चार आश्रम कल्पिले आणि गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाची योजना केली. परंतु गृहस्थाश्रम चालू असतानाच, मुले लहान असताना, व्यवसाय स्थिरावलेला असताना मनात उठणाऱ्या प्रश्नांसाठी आश्रमव्यवस्थेत स्वतंत्र दालन नाही.

आधुनिक मानसशास्त्राने ही पोकळी भरून काढली. एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मानवी विकासाचे आठ टप्पे मांडले. त्यांपैकी सातवा टप्पा मध्यम प्रौढत्वाचा असून त्यात माणसासमोर 'पुढील पिढीसाठी काही निर्माण करणे' अथवा 'साचून राहणे' असे दोन पर्याय असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. एलियट जॅक्स यांनी १९६५ मधील शोधनिबंधात 'मध्यवयीन अरिष्ट' ही संज्ञा वापरली. कलावंतांच्या चरित्रांच्या अभ्यासावरून त्यांनी या अरिष्टाचा आरंभ वयाच्या पस्तिशीच्या आसपास मानला. पुढे डॅनियल लेव्हिन्सन यांनी चाळीस अमेरिकन पुरुषांच्या मुलाखतींवर आधारित ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि चाळीस ते पंचेचाळीस हा काळ संक्रमणाचा ठरविला.

या सर्व मांडण्यांत एक समान गृहीत दिसून येते. संक्रमण व्यक्तीच्या अंतरंगात घडते आणि समाज केवळ पार्श्वभूमीला असतो, असे ते गृहीत होय. इतिहासाच्या अभ्यासकाला हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बाबा आमटे यांच्या १९४२ ते १९५१ या काळातील जीवनक्रमाचा मध्यवयीन स्थित्यंतराच्या दृष्टीने आढावा घेणे.
२) या स्थित्यंतरामागील सामाजिक, राजकीय व संस्थात्मक घटकांचा शोध घेणे.
३) स्थित्यंतरात सहभागी असलेल्या अन्य व्यक्तींच्या, विशेषतः साधनाताई आमटे व आनंदवनातील कुष्ठमुक्त रहिवासी यांच्या स्थानाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उपलब्ध चरित्रपर व आत्मचरित्रपर लेखन हा या अभ्यासाचा मुख्य आधार आहे. साधनाताईंचे 'समिधा' हे आत्मकथन त्यात महत्त्वाचे आहे. अशा लेखनाची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. ते कार्य यशस्वी झाल्यानंतर लिहिले जाते; त्यामुळे मागे वळून पाहताना आयुष्याची वाट प्रत्यक्षाहून सरळ दिसू लागते. ही सरळ रेषा मोडून प्रत्येक टप्प्यावर कोणते पर्याय खुले होते, हे पाहणे अभ्यासकाचे काम ठरते.

पूर्वायुष्य :

बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. वडील सरकारी सेवेत होते आणि घराणे वरोऱ्याजवळील गोरजा येथील जमीनदारांचे होते. शिक्षण नागपुरात झाले. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले होते आणि मध्यप्रांत व वऱ्हाडातील संपन्न घरांतील मुलांसाठी कायद्याची पदवी हा प्रतिष्ठेचा राजमार्ग होता. आमटे यांनी तोच मार्ग स्वीकारला. तरुणपणी त्यांच्याकडे स्वतःची मोटार होती, शिकारीचा छंद होता, इंग्रजी चित्रपटांवर ते लेखन करीत. पुढे त्यांनी वरोरा येथे वकिली सुरू केली आणि तिच्यात त्यांचा जम बसला.

या तपशिलाचा उल्लेख त्यांच्या त्यागाचे मोजमाप करण्यासाठी बहुधा केला जातो. येथे त्याचा वेगळा उपयोग आहे. मध्यवयीन प्रश्न अपयशातून जन्मतो असा सर्वसाधारण समज असतो. आमटे यांच्याबाबतीत तो यशाच्या पोटी जन्मला. अशिलाचा खटला जिंकून मिळणारी फी आणि दिवसभर राबणाऱ्या मजुराची मजुरी यांतील अंतर त्यांना अस्वस्थ करू लागले. व्यवसाय उत्तम चालत असताना त्याचे प्रयोजन हरवणे, हा अनुभव कोणत्याही स्थिर पेशातील माणसाला अपरिचित नाही.

१९४२ : पहिले वळण :

१९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत' आंदोलनाचा वणवा विदर्भात पसरला. १६ ऑगस्ट रोजी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेने उठाव केला व त्यानंतर कठोर दडपशाही झाली. या काळात आमटे यांनी अटकेतील आंदोलकांच्या बचावासाठी वकिलांना संघटित केले. वकिलीच्या ज्ञानाचा अर्थार्जनापलीकडील उपयोग त्यांनी येथे अनुभवला. पूर्वीचे कौशल्य टाकून न देता त्याचा हेतू बदलणे, हा स्थित्यंतराचा पहिला टप्पा म्हणता येईल.

दुसरा प्रभाव सेवाग्रामचा होता. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याजवळील सेगाव येथे राहावयास आले, तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून ओळखले गेले. तेथे १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने ग्रस्त अवस्थेत आले आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. रचनात्मक कार्यक्रमाच्या १९४५ च्या आवृत्तीत कुष्ठरुग्णांच्या सेवेचे स्वतंत्र कलम आढळते. त्यापूर्वीच, १९३६ मध्ये, विनोबांचे आश्रमीय सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य सुरू केले होते. अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यानंतर, तपोवनाची स्थापना केली.

तात्पर्य, आमटे यांनी कुष्ठसेवेचा विचार केला तेव्हा विदर्भात या कार्याचे किमान दोन नमुने डोळ्यांसमोर होते. त्यांची वाट अनवट होती, तरी ती निर्जन नव्हती. व्यक्तीला नवी दिशा सुचण्यासाठी समाजात ती दिशा कोठेतरी आधी आखलेली असावी लागते, हे येथे स्पष्ट होते.

विवाह, श्रमाश्रम व नगरपालिका :

डिसेंबर १९४६ मध्ये आमटे यांचा विवाह नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यातील इंदू यांच्याशी झाला. पुढे त्या साधनाताई या नावाने ओळखल्या गेल्या. विवाहानंतर वरोऱ्यात श्रमाश्रमाचा प्रयोग झाला. विविध जातींच्या माणसांनी एकत्र राहावे, श्रमावर जगावे आणि मिळकत वाटून घ्यावी, अशी त्यामागील कल्पना होती. हा प्रयोग टिकला नाही. याच सुमारास वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांच्या प्रश्नात लक्ष घातले आणि त्यांच्या कामाचा अनुभव घेण्यासाठी स्वतः मैला वाहिला.

चरित्रकथांमध्ये हे प्रसंग आनंदवनाची पूर्वतयारी म्हणून येतात. त्या त्या क्षणी मात्र ते अपूर्ण प्रयोग होते. वकिली, आंदोलन, सहजीवन, नगरपालिका, कामगार संघटना असे पाच-सहा वर्षांत अनेक मार्ग चोखाळून पाहिले गेले. त्यांपैकी एकही अंतिम ठरला नाही. दिशा सापडण्यापूर्वीचा हा चाचपडण्याचा काळ बहुतेक चरित्रांत दोन-चार ओळींत आटोपतो. प्रत्यक्षात मध्यवयीन संक्रमणाचा मोठा भाग हाच असतो.

तुळशीराम आणि भय :

पावसाळ्यातील एका संध्याकाळी रस्त्याकडेला पडलेला, रोगाने पोखरलेला एक माणूस आमटे यांच्या दृष्टीस पडला. त्याचे नाव तुळशीराम. त्याला पाहून ते घाबरले आणि घरी निघून गेले. जो माणूस कशालाही भीत नाही अशी स्वतःची ओळख त्यांनी बाळगली होती, तिला या क्षणी तडा गेला. ते परत आले, त्या माणसावर आडोसा उभारला व त्याची सेवा केली. परंतु तो वाचला नाही.

हा प्रसंग सर्वश्रुत आहे आणि त्याची मांडणी अनेकदा साक्षात्कारासारखी केली जाते. त्यानंतरचा क्रम पाहिला असता निराळे चित्र दिसते. आमटे यांनी प्रथम कुष्ठरोगाविषयी वाचन केले. वरोऱ्यातील रुग्णांमध्ये काम सुरू केले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. त्यानंतर त्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगविषयक प्रशिक्षण घेतले. तेथे रोगजंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. तो प्रयोग यशस्वी झाला नाही. पस्तिशीत पोहोचलेला वकील पुन्हा विद्यार्थी झाला, ही या साऱ्या घटनाक्रमातील सर्वांत कमी चर्चिली गेलेली बाब आहे. भयाला उत्तर म्हणून त्यांनी ज्ञान मिळविले आणि भावनावेगाला संस्थेची चौकट दिली.

काळही अनुकूल होता. एकोणीसशे चाळीसच्या दशकात सल्फोन गटातील औषधांमुळे कुष्ठरोगावर प्रथमच परिणामकारक उपचार शक्य होऊ लागले होते. दहा वर्षांपूर्वी हीच इच्छा एखाद्याच्या मनात आली असती, तर त्याच्या हाती शुश्रूषेपलीकडे फारसे काही नसते. व्यक्तीच्या आयुष्यातील वळण आणि वैद्यकशास्त्रातील वळण येथे एकत्र आले.

स्वातंत्र्य आणि एका पिढीचे मध्यवय :

१९४७ या वर्षाचा विचार या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. १९०० ते १९१५ या दरम्यान जन्मलेल्या पिढीने आपले तारुण्य स्वातंत्र्य या एका ध्येयाभोवती उभे केले होते. ते ध्येय साध्य झाले तेव्हा ही पिढी साधारणतः बत्तीस ते सत्तेचाळीस वयाची होती. पुढील वर्षी जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. साध्य पूर्ण झालेले आणि मार्गदर्शक गेलेला, अशा अवस्थेत या पिढीचे मध्यवय सुरू झाले. मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम येथे रचनात्मक कार्यकर्त्यांचे संमेलन भरले, त्यामागे 'आता पुढे काय' हाच प्रश्न होता.

या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी मिळाली. काहींनी सत्तेची पदे स्वीकारली. रा. कृ. पाटील यांनी इंडियन सिव्हिल सर्व्हिसचा राजीनामा दिला होता. १९५० मध्ये ते पहिल्या नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि पुढे नागपुरात राहून सर्वोदय कार्याकडे वळले. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथून भूदानाचा आरंभ केला, तेव्हा त्यांचे वय ५५ होते. जयप्रकाश नारायण यांनी १९५४ मध्ये बोधगया येथे जीवनदानाची घोषणा केली, त्या वेळी ते ५१ वर्षांचे होते. आनंदवन जून १९५१ मधील आहे. या घटनांचे सान्निध्य केवळ योगायोग मानता येत नाही. पाश्चात्त्य मांडणीत मध्यवयीन अरिष्ट व्यक्तीच्या मृत्युभानातून उद्भवते. येथे ते एका सामूहिक ध्येयाच्या पूर्ततेतून उद्भवले, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात याला पूर्वपरंपराही होती. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी संस्था १८९६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी काढली आणि महिला विद्यापीठ १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी. रमाबाई रानडे यांचे स्वतंत्र सार्वजनिक कार्य १९०१ मधील वैधव्यानंतर विस्तारले. रमाबाईंच्या उदाहरणात वळण निवडलेले नव्हते. ते कोसळले होते. हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

आनंदवन : कोणाचे स्थित्यंतर ?

शासनाकडून मिळालेली वरोऱ्याजवळची पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, अशी आनंदवनाची सुरुवात सांगितली जाते. आमटे तेव्हा ३६ वर्षांचे होते. साधनाताईंचा जन्म १९२६ चा. म्हणजे त्या अवघ्या २५ वर्षांच्या होत्या. मोठा मुलगा विकास १९४७ मध्ये आणि धाकटा प्रकाश १९४८ मध्ये जन्मलेला. दोन्ही मुले पाच वर्षांच्या आतील होती.

या आकड्यांकडे थांबून पाहणे आवश्यक आहे. पती मध्यवयाच्या उंबरठ्यावर आपल्या आयुष्याचा अर्थ शोधत होता, त्याच वेळी पत्नी तारुण्याच्या आरंभी संसार उभा करीत होती. जंगलातील झोपडीत चूल पेटविणे, पाणी आणणे, विंचूकाट्यांतून मुले सांभाळणे आणि रुग्णांची शुश्रूषा करणे, ही कामे दैनंदिन होती. एका व्यक्तीचे स्थित्यंतर दुसऱ्या व्यक्तीच्या श्रमावर उभे राहते, ही गोष्ट जीवनटप्प्यांच्या सिद्धांतांत क्वचितच येते. साधनाताईंनी हा मार्ग केवळ सोबत म्हणून चालला नाही, हे 'समिधा'च्या वाचनातून जाणवते. त्यांनी त्यात स्वतःची श्रद्धा, स्वतःचे निर्णय आणि प्रसंगी स्वतःचे मतभेद सांभाळले. तरीही वळणाची पहिली निवड कोणाची होती, हा प्रश्न इतिहासाने विचारावयास हवा.

दुसरा प्रश्न त्या सहा जणांचा व त्यांच्या मागून आलेल्या हजारोंचा आहे. कुष्ठरोग अनेकांना ऐन कर्तेपणी गाठत असे. निदान होताच घर, शेत, नाते आणि पुष्कळदा नावही सुटत असे. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने निराधार रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवण्याची तरतूद केली होती. हा कायदा संसदेने २०१६ मध्ये रद्द केला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी वैयक्तिक कायद्यांतील तरतूद २०१९ मध्ये वगळण्यात आली. म्हणजे आनंदवनाच्या स्थापनेनंतरही सहा दशकांहून अधिक काळ कायद्याची भाषा बदलली नव्हती.

या माणसांचे मध्यवयीन स्थित्यंतर लादलेले होते. त्यांनी खडक फोडून विहीर खणली, जमीन लागवडीखाली आणली, भाजीपाला पिकविला. त्यांनी पिकविलेले घेण्यास वरोऱ्यातील लोक आरंभी धजत नव्हते. हळूहळू हा बहिष्कार सैल झाला. हातमाग, सुतारकाम, पत्र्याचे डबे, छपाई असे उद्योग उभे राहिले. बोटे झडलेल्या हातांनी नवे कौशल्य आत्मसात करणे, हे कोणत्याही अर्थाने पुनर्घडणीचे उत्कृष्ट उदाहरण आहे. आनंदवनाच्या यशाचे श्रेय एका व्यक्तीच्या आत्मशोधाला देताना या सामूहिक आत्मनिर्मितीचा विसर पडू नये.

उत्तरार्धातील वळणे :

आमटे यांचे आयुष्य १९५१ मध्ये एकदाच वळले असेही नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. १९८५-८६ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे बसणेही अशक्य असताना त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर 'भारत जोडो' अभियान केले. १९९० मध्ये पंचाहत्तरीत ते आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे आनंदवनात निधन झाले. साधनाताईंचे २०११ मध्ये.

यातील एक बाब लक्षणीय आहे. प्रत्येक नव्या वळणापूर्वी आधीचे कार्य दुसऱ्यांच्या हाती सोपविले गेले. आनंदवन डॉ. विकास यांच्याकडे आणि हेमलकसा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांच्याकडे. एरिक्सन यांना अभिप्रेत असलेली पुढील पिढीची चिंता येथे केवळ वारसा निर्माण करण्यापुरती राहत नाही. निर्माण केलेले सोडून देण्याची क्षमताही तिच्यात अंतर्भूत होते. संस्थेत दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रत्येकाने यावर विचार करावा, असे हे सूत्र आहे. ही जबाबदारी कुटुंबातच सोपविली गेल्याने संस्था व घराणे यांच्या संबंधाचा प्रश्नही उपस्थित होतो, हेही नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष :

१) बाबा आमटे यांचे स्थित्यंतर एका प्रसंगाने घडले नाही. १९४२ ते १९५१ या सुमारे नऊ वर्षांत ते अनेक अपूर्ण प्रयोगांतून साकारले.
२) सेवाग्राम, दत्तपूर व तपोवन यांमुळे विदर्भात नव्या दिशेचे प्रत्यक्ष नमुने उपलब्ध होते. वैद्यकशास्त्रातील प्रगतीने ती दिशा व्यवहार्य केली.
३) १९४७ नंतर ध्येयपूर्तीमुळे निर्माण झालेल्या पोकळीत एका संपूर्ण पिढीचे मध्यवय सुरू झाले. व्यक्तिगत संक्रमणाचा अर्थ या संदर्भाशिवाय लागत नाही.
४) आधीचे कौशल्य नव्या हेतूकडे वळविणे, पुन्हा विद्यार्थी होणे आणि विचाराला संस्थेचे रूप देणे, ही या स्थित्यंतराची तीन प्रमुख साधने होती.
५) स्थित्यंतराची निवड करण्याचे स्वातंत्र्य वर्ग व लिंग यांनुसार विषम वाटले गेले होते. साधनाताई व आनंदवनातील रहिवासी यांचा अनुभव वगळून केलेला अभ्यास अपुरा ठरतो.

समारोप :

मध्यवयीन अस्वस्थतेकडे आजार म्हणून पाहण्याची आणि तिच्यावर चटकन उपाय सुचविण्याची प्रवृत्ती वाढत आहे. इतिहास असा उपाय सांगू शकत नाही. एखाद्या माणसाने पस्तिशीत घेतलेला निर्णय दुसऱ्याने अनुकरणावा, असेही तो सांगत नाही. त्याला एवढेच दाखविता येते की दिशा मिळण्यापूर्वी बराच काळ ती मिळत नसते, त्या काळात केलेले काम वाया जात नाही, आणि आपण वळतो तेव्हा आपल्यासोबत आणखी कोणाला तरी वळावे लागते. महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व अधिक आहे. वर्गात पंचवीस वर्षे तोच अभ्यासक्रम शिकविल्यानंतर पडणारा प्रश्न अध्यापकाचा स्वतःचा असला, तरी त्याच्या उत्तराचा परिणाम समोरच्या बाकावरील विद्यार्थ्यावर होत असतो. आमटे यांच्या आयुष्यातील त्या नऊ वर्षांचा अभ्यास या जाणिवेसाठी उपयुक्त ठरेल, असे वाटते.